मासिक पाळी: विदर्भातील गावांमधून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बचत गटाची बैठक असो, अंगणवाडीतली माता सभा असो की शाळेतला आरोग्य तपासणीचा दिवस, पाळीविषयीचे प्रश्न बहुधा सगळ्यात शेवटी, पुरुष मंडळी उठून गेल्यावर आणि तेही दुसऱ्या कुणाच्या तरी नावाने विचारले जातात. "माझ्या भाचीला असं होते" अशी सुरुवात झाली, तरी त्रास बऱ्याचदा विचारणारीचाच असतो. असे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. पाळीमुळे होणाऱ्या त्रासापेक्षा ती लपवण्यामुळे होणारा त्रास पुष्कळदा मोठा असतो, असे आमचे मत असून खालील उत्तरांत ते दिसेलच.

पाळी म्हणजे नेमके काय? ते रक्त घाण असते का?

नाही. दर महिन्याला मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीकडून आणि अंडाशयांकडून येणाऱ्या संप्रेरकांमुळे (हार्मोन्समुळे) गर्भाशयाच्या आत एक मऊ अस्तर तयार होते. गर्भ राहिला तर त्याला रुजण्यासाठी ही तयारी असते. गर्भ राहिला नाही की संप्रेरकांची पातळी खाली येते, ते अस्तर सुटते आणि रक्तासोबत योनिमार्गाने बाहेर पडते. म्हणजे त्यात नेहमीचेच रक्त, अस्तराचे बारीक तुकडे आणि थोडा चिकट स्राव असतो. शरीरात साठलेली "गरमी" किंवा "खराब रक्त" बाहेर पडते, ही समजूत चुकीची आहे. वास येतो तो रक्त हवेच्या आणि घामाच्या संपर्कात काही तास राहिल्यामुळे.

पहिली पाळी कोणत्या वयात येते आणि मुलीला आधी कोणी सांगावे?

साधारणपणे अकरा ते चौदा या वयात येते, कुणाला नवव्या-दहाव्या वर्षीही येते. पंधरावे वर्ष पूर्ण होऊनही पाळी आली नाही, तर डॉक्टरांना दाखवावे. सांगण्याची जबाबदारी आईची, आणि ते पाळी येण्याच्या आधी सांगायचे असते. अनेक घरांत आईला संकोच वाटतो, म्हणून हे काम आजीकडे किंवा काकूकडे जाते; मग मुलीला शरीरात काय होते ते कळतच नाही, फक्त कशाकशाला शिवायचे नाही याची यादी मिळते. पाचवी-सहावीतल्या मुलीला चार वाक्यांत हे समजते. ज्या मुलीला काहीच माहीत नसते, ती कपड्यावर डाग पाहून आपल्याला काहीतरी लागले किंवा मोठा आजार झाला असे समजून घाबरते, आणि ती भीती पुढे कितीतरी वर्षे तिच्या मनात राहते.

किती दिवसांनी आणि किती रक्तस्राव होणे नेहमीचे समजावे?

एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत मोजावे. प्रौढ स्त्रीत हे अंतर २१ ते ३५ दिवसांचे असते. पाळी सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत ते ४५ दिवसांपर्यंत जाऊ शकते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. रक्तस्राव दोन ते सात दिवस चालतो आणि पूर्ण पाळीत मिळून साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जाते, म्हणजे दोन-तीन मोठे चमचे. ८० मिलिलिटरच्या वर गेले तर ते जास्त समजतात. घरी मिलिलिटर कुणी मोजत नाही, त्यामुळे खुणा लक्षात ठेवाव्यात: तासा-दोन तासांत पॅड किंवा कापड पूर्ण भिजणे, रुपयाच्या नाण्याएवढ्या किंवा त्याहून मोठ्या गाठी पडणे, रात्री कापड बदलण्यासाठी उठावे लागणे, आठवडा उलटूनही रक्त न थांबणे. दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त जाणे, तीन महिने पाळीच न येणे, आणि पाळी कायमची थांबून वर्ष झाल्यानंतर पुन्हा डाग दिसणे, ही सगळी डॉक्टरांकडे जाण्याची कारणे आहेत. यातले शेवटचे लक्षण वयस्क बाया "पुन्हा पाळी आली" म्हणून हसण्यावारी नेतात. तसे करू नये, कारण काही वेळा ते गर्भाशयाच्या कर्करोगाचे पहिले लक्षण असते.

पोट दुखते तेव्हा गोळी घ्यावी की सहन करावे?

सहन करण्यात पुण्य नाही. अस्तर बाहेर टाकण्यासाठी प्रोस्टाग्लॅन्डिन नावाची द्रव्ये गर्भाशयाला आकुंचन पावायला लावतात आणि त्यामुळे कळा येतात. आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिड ही औषधे याच द्रव्यांची निर्मिती कमी करतात. म्हणून ती दुखणे अगदी असह्य होईपर्यंत न थांबता कळ सुरू होताच, काही खाऊन घेतली तर जास्त उपयोगी पडतात. पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा आजार किंवा दमा असेल, अथवा गर्भ असण्याची शंका असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नयेत. ओटीपोट गरम पाण्याच्या पिशवीने शेकल्याने आराम पडतो. मात्र दर महिन्याला शाळा किंवा मजुरी बुडावी इतके दुखत असेल, तर "लग्न झालं की थांबते" या आश्वासनावर बसून न राहता तपासणी करून घ्यावी.

कापड चांगले, पॅड चांगले की कप?

जे स्वच्छ ठेवता येते, वेळेवर बदलता येते आणि परवडते, ते चांगले. कापडाला कमी लेखण्याचे कारण नाही. जुन्या सुती लुगड्याचे मऊ कापड रक्त चांगले शोषते आणि त्याचा खर्चही नाही. अडचण कापडाची नसून ते वाळवण्याच्या जागेची आहे. गावातल्या पुष्कळ घरांमागे तारेवर परकर वाळत टाकलेला दिसतो आणि त्या परकराखाली, कुणाला दिसू नये म्हणून, घडी घातलेले कापड असते. तेवढीही सोय नसेल तर ते गोठ्यातल्या कुडाच्या भिंतीत खोचलेले असते. ऊन लागत नाही, वारा लागत नाही, आणि चार दिवसांनी ते अर्धवट ओले कापड पुन्हा वापरात येते. जांघेत खाज, पुरळ आणि बुरशी यांना त्याहून चांगली संधी मिळत नाही. कापड आधी थंड पाण्यात धुवावे, कारण गरम पाण्याने डाग पक्का होतो. मग साबण लावून ते उघड्या उन्हात पूर्ण वाळवावे. झडीच्या दिवसांत ऊनच नसते, तेव्हा वाळलेल्या कापडावर दोन्ही बाजूंनी गरम इस्त्री फिरवावी आणि ते कोरड्या पिशवीत ठेवावे.

पॅड वापरत असल्यास रक्तस्राव कमी असला तरी चार ते सहा तासांनी बदलावे. पैसे वाचवायचे म्हणून एकच पॅड दिवसभर ठेवल्याने पॅडचा फायदा उरत नाही. किमतीविषयी सांगायचे तर केंद्र सरकारच्या २०११ मध्ये सुरू झालेल्या योजनेत आशाताईंकडून सहा पॅडचे पाकीट ६ रुपयांना देण्याची तरतूद करण्यात आली, आणि जनऔषधी केंद्रांत "सुविधा" पॅड ऑगस्ट २०१९ पासून एक रुपयाला एक या दराने मिळू लागले. जुलै २०१८ मध्ये पॅडवरील वस्तू व सेवा कर पूर्ण माफ झाला. योजना कागदावर असते आणि पाकीट गावात नसते, हाही अनुभव नवा नाही. पुरवठा थांबला असेल तर ग्रामसभेत तसे विचारता येते आणि विचारावे.

कप हा वैद्यकीय दर्जाच्या सिलिकॉनचा असतो, योनिमार्गात बसवतात, बारा तासांच्या आत रिकामा करून धुतात आणि प्रत्येक पाळीनंतर पाण्यात उकळून ठेवतात. नीट वापरला तर तो अनेक वर्षे टिकतो. पहिल्या दोन-तीन पाळ्या सवय होण्यात जातात. अविवाहित मुलीने तो वापरू नये, असे वैद्यकशास्त्र सांगत नाही.

कापूस वेचणीला किंवा रोवणीला गेल्यावर काय करावे?

हा प्रश्न शहरात छापलेल्या माहितीपत्रकांत सापडत नाही. वेचणीची मजुरी किलोवर असते, म्हणून मध्येच उठले की तेवढी मजुरी गेली. कमरेला बांधलेली ओटी दुपारपर्यंत जड होते आणि तिचे ओझे दुखणाऱ्या कमरेवर व ओटीपोटावर येते. आडोसा म्हणजे कमरेएवढी पऱ्हाटी, आणि डिसेंबरात पाने गळाली की तोही नाही. धानपट्ट्यात रोवणीच्या दिवसांत बाई सकाळपासून पोटरीभर चिखलात वाकलेली असते. कापड भिजते ते रक्ताने आणि बांधीतल्या पाण्याने एकदमच. लघवीला जावे लागू नये म्हणून पाणीच न पिण्याची सवय यातूनच लागते, आणि मग लघवीची जळजळ व ताप मागे लागतो.

बाईने स्वतः करण्यासारखे एवढेच: दोन कोरडी कापडे किंवा पॅड, वापरलेले ठेवण्यासाठी वेगळी प्लास्टिकची पिशवी आणि साबणाची वडी शिदोरीसोबत न्यावी, दुपारच्या जेवणाआधी कापड बदलावे, हात धुवावेत, आणि पाणी पीत राहावे. बाकीचे मालकाने करायचे आहे. धुऱ्यावर तट्ट्याचा आडोसा आणि एक ड्रम पाणी यासाठी एका दिवसाच्या मजुरीपेक्षा फारसा जास्त खर्च येत नाही. मजूर बायांच्या टोळीने हंगाम ठरवतानाच ही मागणी केली, तर ती मान्य होण्याची शक्यता जास्त असते, कारण त्या वेळी गरज मालकालाही असते.

पाळीत लोणच्याला हात लावला तर ते नासते का? तुळस वाळते का?

लोणचे नासते ते ओल्या चमच्याने, कमी मिठाने किंवा तेल वर न आल्याने. पाळीतल्या स्त्रीच्या हातातून असे काहीही निघत नाही. हा समज केवळ आपल्याच गावांत होता असेही नाही: १९२० मध्ये व्हिएन्नातील बेला शिक या नामांकित डॉक्टरने पाळीतल्या बाईने हाताळलेली फुले लवकर कोमेजतात असे मांडले होते आणि त्यानंतर काही काळ त्या कल्पित विषाचा शोध चालू होता. ते विष टिकाऊ पुराव्यानिशी कधीच सिद्ध झाले नाही.

आपल्याकडचा व्यवहार पाहिला तरी हे लक्षात येते. जी बाई घरात पाण्याच्या माठाला शिवत नाही, तीच त्या दिवशी वावरात कापूस वेचते, तूर सोंगते, धानाची पेंढी हाताळते. तो कापूस जिनिंगमध्ये जातो, ते धान्य आपल्याच घरात येते, आणि त्या वेळी विटाळ कुणालाही आठवत नाही. हंगामात मजूर मिळेनासा झाला की नियम धुऱ्याबाहेर थांबतो, यावरून तो किती धर्माचा आणि किती सोयीचा हे ज्याचे त्याने ठरवावे.

बाहेर बसणे आणि कुर्मा घर यांविषयी काय म्हणावे?

गडचिरोली जिल्ह्यातील माडिया आणि गोंड समाजाच्या अनेक गावांत पाळीच्या दिवसांत स्त्रियांनी गावाच्या कडेला असलेल्या कुर्मा घरात राहण्याची प्रथा आहे. जुनी कुर्मा घरे बहुधा मातीची, ठेंगणी, धड दार नसलेली, आत वीज नाही आणि शेजारी शौचालय नाही अशी असतात. पावसाळ्यात छत गळते आणि सापाची भीती असते. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१५ मध्ये या प्रथेची दखल घेऊन ती बंद करण्याविषयी राज्य सरकारला सांगितले होते. अलीकडे काही गावांत पक्की, पलंग, दिवा आणि शौचालय असलेली घरे बांधली गेली आहेत. त्यावर दोन मते आहेत. चांगले घर बांधले की प्रथा आणखी पक्की होते, असे काहींना वाटते. प्रथा संपेपर्यंत बाईने साप-विंचवांत झोपावे का, असे इतर विचारतात. तिथे राहणाऱ्या काही स्त्रिया हेही सांगतात की कामातून सुटका मिळण्याचे आणि बायाबायांनी मोकळेपणी बोलण्याचे ते एकमेव दिवस असतात, आणि हे म्हणणे बाहेरच्या माणसाने उडवून लावू नये. आमच्या मते सुरक्षितता आधी आणि तिची मर्जी लगेच त्यानंतर: जिला जायचे नाही तिला पाठवू नये, आणि ताप, चक्कर किंवा जास्त रक्तस्राव असलेल्या बाईला तर कोणत्याही परिस्थितीत तिथे न ठेवता दवाखान्यात न्यावे.

मात्र ही केवळ जंगलातल्या गावांची गोष्ट आहे असे मानून उरलेल्या विदर्भाने निश्चिंत होऊ नये. अमरावती, यवतमाळ किंवा वर्ध्याच्या गावांतल्या शिकलेल्या घरांतही ओसरीवर वेगळे अंथरूण आणि वेगळी ताट-वाटी असते. तिथे झोपडी नसते, इतकाच फरक.

महालक्ष्मीच्या वेळी पाळी पुढे ढकलण्याची गोळी घेतली तर चालते का?

भाद्रपदात या गोळ्यांची मागणी वाढते आणि पुष्कळदा घरचा माणूसच चिठ्ठीशिवाय त्या आणून देतो. त्यात बहुधा नॉरएथिस्टेरॉन हे संप्रेरक असते. पाळीच्या अपेक्षित तारखेच्या सुमारे तीन दिवस आधी सुरू करावे लागते आणि बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. निरोगी स्त्रीने डॉक्टरांच्या सल्ल्याने क्वचित घेतल्यास सहसा मोठा धोका नसतो. पण पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झालेली असेल, यकृताचा आजार, स्तनाचा कर्करोग किंवा तीव्र अर्धशिशी असेल, तर ती घेऊ नये, आणि औषध दुकानदार हे विचारत नाही. दर सणाला गोळी घेणे तर नकोच. घरात जाऊ आहे, नणंद आहे, पुरणपोळी खाणारे पुरुषही आहेत. तीन दिवसांची पूजा त्यांच्यापैकी कुणीही करू शकते. जिला स्वतःच करावीशी वाटते, तिने पाळीत पूजा केल्याने तिच्या आरोग्याला काही होत नाही.

पाळीमुळे रक्त कमी होते का? शाळेतली निळी गोळी कशाची असते?

पाळीत जाणारे रक्त आणि जेवणातून मिळणारे लोह यांचा मेळ बसला नाही की रक्तक्षय होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये तो आढळला. हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली असेल तर रक्त कमी, ८ च्या खाली असेल तर प्रकरण गंभीर. निळ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक ॲसिड असते आणि ती आठवड्यातून एकदा घ्यायची असते. गोळीने शौचाला काळे होते, मळमळते. यात बिघडलेले काही नसते. ती जेवणानंतर घ्यावी, मात्र तिच्या आगेमागे तासभर चहा घेऊ नये, कारण चहामुळे लोह शोषले जात नाही. शेवग्याचा पाला, चवळीची भाजी, जवसाची आणि तिळाची चटणी, लोखंडी कढईतला स्वयंपाक, सोबत लिंबू किंवा आवळा, आणि खाणाऱ्यांसाठी अंडी, मासे व कलेजी यांचा उपयोग होतो. घरात सगळे जेवल्यावर उरलेले खाणाऱ्या बाईच्या ताटात यातले किती येते, हाही आरोग्याचाच प्रश्न आहे.

विदर्भात आणखी एक काळजी घ्यावी लागते. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर आणि मेळघाटात सिकलसेल हा लाल रक्तपेशींचा आनुवंशिक आजार आढळतो. रक्त सतत कमी राहते, सांधे दुखतात, डोळे पिवळे होतात, असे असल्यास लोहाच्या गोळ्या वाढवत न बसता आधी सिकलसेलची चाचणी करावी. ती सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. सिकलसेलच्या रुग्ण मुलीला पाळीच्या सुमारास वेदनेचा झटका येऊ शकतो. तिने लोह घ्यावे की नाही, हे डॉक्टरच ठरवतील.

धुपणी, म्हणजे अंगावरून पांढरे जाणे, हा आजार आहे का?

दोन पाळ्यांच्या मध्यावर पातळ, बिनवासाचा, पांढरट स्राव होणे नैसर्गिक आहे. तो दह्यासारखा, हिरवट-पिवळा किंवा दुर्गंधी येणारा असेल, सोबत खाज किंवा ओटीपोटात दुखणे असेल, तर तो संसर्ग असतो आणि औषधाने बरा होतो. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. तेव्हापासून रस्ते झाले, दवाखाने झाले. पण अंगावर काढण्याची सवय तेवढ्या वेगाने गेलेली नाही.

डॉक्टर म्हणतात पिशवी काढून टाका. काय करावे?

लगेच होकार देऊ नये. "पिशवीला सूज आहे, कॅन्सर होईल" या एका वाक्यावर गर्भाशय काढण्याचे निर्णय होतात. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या बाबतीत २०१९ मध्ये हा विषय राज्यभर गाजला. जास्त रक्तस्रावावर आधी गोळ्यांचे आणि संप्रेरक सोडणाऱ्या तांबीसारख्या साधनाचे उपाय असतात. सोनोग्राफी झाली का, अस्तराचा तुकडा तपासला का, दुसरा उपाय का चालणार नाही आणि अंडाशये ठेवणार की काढणार, हे चार प्रश्न विचारावेत. अंडाशये काढली तर तरुण वयातच पाळी थांबण्याचे सगळे त्रास सुरू होतात आणि हाडे ठिसूळ होतात. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय किंवा नागपूर, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदिया येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत दुसरे मत घेता येते. कर्करोग सिद्ध झाला असेल, तर मात्र वेळ घालवू नये.

वापरलेले पॅड कुठे टाकावे?

नाल्यात, विहिरीजवळ किंवा शौचालयाच्या भांड्यात टाकू नये. चुलीतही जाळू नये, कारण त्यात प्लास्टिक असते आणि तो धूर घरातल्या बायाच घेतात. कागदात गुंडाळून ग्रामपंचायतीच्या घंटागाडीत वेगळे द्यावे. घंटागाडी नसलेल्या गावांत खोल खड्डा हा तात्पुरता मार्ग आहे, पण प्लास्टिकचे पॅड कुजत नाही. याच कारणाने अशा गावांत धुण्याचे कापड जास्त सोयीचे पडते.

यात पुरुषांचा काय संबंध?

पॅडचे पैसे बहुतेक घरांत त्यांच्याच खिशातून जातात, शाळेच्या शौचालयाची तुटलेली कडी बसवण्याचा ठराव बहुधा तेच मांडतात, आणि मेडिकलवाला पॅड काळ्या पिशवीत गुंडाळतो तोही त्यांनाच ओशाळे वाटू नये म्हणून. बापाने पाकीट आणून मुलीच्या हाती दिले, तर तिला वेगळे समजावून सांगायची फारशी गरज उरत नाही. शाळेत हा विषय शिकवताना मुलांना बाहेर पाठवू नये. बाहेर पाठवलेली मुले खिडकीतून ऐकतात आणि अर्धवट ऐकलेल्यावर मुलींना चिडवतात.

दवाखान्यात जायला लाज वाटते. सुरुवात कुठून करावी?

गावातल्या आशाताईंपासून किंवा उपकेंद्रातल्या सिस्टरपासून. किशोरवयीन मुलामुलींसाठी ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांत "मैत्री" नावाची केंद्रे आहेत, तिथे समुपदेशक स्वतंत्र खोलीत बोलतात. जाण्यापूर्वी दोन-तीन महिने भिंतीवरच्या कॅलेंडरावर पाळी आल्याची आणि थांबल्याची तारीख खूण करून ठेवावी, एका दिवसात किती कापडे बदलावी लागली ते लिहावे आणि ते पान सोबत न्यावे. बोलताना शब्द अडले तरी डॉक्टरांना निम्मी माहिती त्यातूनच मिळते. तपासणी करणारे डॉक्टर पुरुष असतील, तर खोलीत नर्स किंवा आपल्यासोबतची बाई हजर असावी असे सांगण्याचा प्रत्येक स्त्रीला हक्क आहे. तपासणी कशी होणार हे आधी विचारावे, आणि नको वाटले तर मध्येच थांबायलाही सांगता येते.